कानपिळीचा मान

लग्नाला आठ दिवस राहिले होते आणि आमच्या घरात भांडण पेटलं होतं ते नवऱ्यामुलाच्या कानावरून.

"कान आमचा बंटी पिळेल," अण्णामामा म्हणाले. पानाला चुना लावता लावता, आज भाजी कुठली करायची ते सांगावं इतक्या सहज. "ठरलं ते ठरलं."

"बंटी माझा मामेभाऊ आहे," मी म्हणाले. "मला सख्खा भाऊ असताना मामेभाऊ कशाला?"

"रेणू, हळू बोल."

"का हळू? ज्याच्याबद्दल बोलतोय तो पलीकडच्या खोलीत बसलाय. त्याला ऐकू येतं, मामा. आपल्यापेक्षा जरा जास्तच येतं."

आमच्याकडे लग्नात होमाच्या वेळी नवरीचा भाऊ नवऱ्याचा कान पिळतो. बहिणीला नीट सांभाळ, नाहीतर गाठ माझ्याशी आहे, असं त्यातून सांगायचं. मग नवऱ्याकडचे त्याला कपडे करतात, तेव्हा कुठे तो कान सोडतो. सगळे हसतात, फोटो निघतात, संपलं. पण तेवढ्यात साऱ्या मांडवाला कळतं की नवरीच्या पाठीशी कोण उभं आहे ते. म्हणून कानपिळीचा मान सख्ख्या भावाचा. आणि माझ्या भावाला मांडवातच आणायचं नाही, असं मामांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

दादा, म्हणजे विश्वजित, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. बोलतो, पण मोजकं. बोलताना समोरच्याच्या तोंडाकडे बघत नाही, भिंतीकडे बघतो. कुकरची शिट्टी व्हायच्या आत कान झाकून अंगणात जातो. दुपारी दोरीवरचे वाळलेले कपडे तोच काढतो आणि सगळ्यांच्या घड्या घालतो, पायपुसण्याचीसुद्धा. त्याला ऑटिझम आहे हे पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा तो दहा-बारा वर्षांचा होता. तोवर आमच्या कराडच्या आळीनं त्याचं नाव 'खुळा' ठेवून झालं होतं. पुढे कोणीतरी 'स्वमग्न' असा शब्द आणला. मला तोही आवडत नाही. मला ताप आला की दिवसभर माझ्या उशाशी न बोलता बसून राहणारा माणूस स्वतःत मग्न कसा हो?

आणि एक विचारतात लोक, हटकून विचारतात. "काही विशेष गुण असेल ना गं त्याच्यात? असतो म्हणे अशांना. चित्रं काढतात, गणितं करतात." नाही हो! माझ्या दादाला एकही चमत्कार येत नाही. चमत्कार आला तरच माणसात घेणार असाल, तर आपल्यातले किती जण उरतील ते बघा एकदा.

तर, मामा. आईचे मोठे भाऊ, रिटायर्ड हेडमास्तर. बाबा गेल्यापासून आमच्या घरातलं कर्तं माणूस. माझ्यासाठी मकरंदचं स्थळ त्यांनीच आणलं होतं, इस्लामपूरचं. मुलगा साखर कारखान्यात इंजिनियर, वडील नाहीत, आई हायस्कुलात पी.टी.ची बाई. पहिल्याच बैठकीत मुलाच्या आईनं विचारलं, "भाऊ काय करतो?" आणि मामांनी डोळ्याची पापणी न लववता सांगितलं, "पुण्याला असतो. कंपनीत." मी पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी.

मकरंदला मी दुसऱ्याच भेटीत खरं काय ते सांगून टाकलं. त्यानं आइस्क्रीमचा चमचा खाली ठेवला आणि म्हणाला, "आवाजाचा त्रास होतो का त्याला? आमच्याकडे बॉयलरवर लोक कानाला लावतात ते आणून देऊ का?" आणि आणलंच त्यानं. नारिंगी रंगाचं, हेडफोनसारखं, पण गाणी न लागणारं. दादानं ते डोक्यावर चढवलं आणि त्या दिवशी पहिल्यांदा कुकर शिजेपर्यंत तो स्वयंपाकघरात बसून राहिला. तिथंच माझं ठरलं, बाई, हाच नवरा. आईला मात्र ते डबडं घरापुरतंच चालायचं. "बाहेर घालू नकोस रे विशू, लोक बघतात."

"मामा," मी म्हणाले, "दादा मांडवात नसेल तर मी बोहल्यावर चढायची नाही."

"म्हणजे मोडायचं लग्न?"

"मोडा."

"उचलली जीभ लावली टाळ्याला! अगं, झाकली मूठ सव्वा लाखाची असते. एकदा अक्षता पडू देत, मग सांगू विहीणबाईंना सावकाश. मी काय त्याचं वाईट चिंततो?"

मी आईकडे बघितलं. ती गहू निवडत होती. मला वाटलं, आता तरी ही माझ्या बाजूनं बोलेल. ती म्हणाली, "अण्णा म्हणतो ते बरोबर आहे, रेणू. त्याला शेजारच्या सुमनमावशींकडे ठेवू."

"आई!"

"काय आई? कदमांच्या लग्नात बँड सुरू झाल्यावर ह्यानं खांबावर डोकं आपटलं, ते विसरलीस? रक्त आलं होतं. लोक हातात ताटं घेऊन बघत उभे होते. हातात ताटं घेऊन, रेणू! मी माझ्या पोराचा पुन्हा तमाशा होऊ देणार नाही. तुला तो मांडवात पाहिजे. कुणासाठी पाहिजे? त्याच्यासाठी, का तुझ्यासाठी?"

रागानं मी अंगणात गेले. दादा दोरीवरची साडी काढत होता.

"रेणू रडते," तो भिंतीला म्हणाला.

"नाही रडत."

"रडते," तो म्हणाला आणि साडीचं एक टोक माझ्या हातात दिलं. आम्ही दोघांनी मिळून साडीची घडी घातली.

दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या दारात आरोळी आली, "आहे का कोणी घरात?"

आरोळीच. दुसरा शब्द नाही. माझ्या होणाऱ्या सासूबाई, शालनबाई पवार, एकट्या एस.टी.नं आल्या होत्या. उंच, सावळ्या, पायात स्पोर्ट्स शूज आणि साडी. आयुष्यभर मैदानाच्या ह्या टोकावरून त्या टोकावरच्या पोरांशी बोललेल्या, त्यामुळे घरातसुद्धा त्यांचा आवाज मैदानाच्याच मापाचा. आईच्या तोंडचं पाणी पळालं. तिनं दादाला हाताला धरून मधल्या खोलीत नेलं आणि दार लोटलं. मामा धोतर सावरत पुढे झाले.

"या या! कळवलं असतं तर स्टँडवर आलो असतो. रेणू, चहा टाक."

"चहा नको," सासूबाई खुर्चीत बसत म्हणाल्या. "विश्वजित कुठाय?"

मामा हसले. "तो पुण्याला. लग्नाला तरी रजा मिळते की नाही, कोण जाणे."

"कुठल्या कंपनीत आहे?"

"ती आपली... मोठी आहे. परदेशी."

"काय बनवतात तिथं?"

मामा पानाचा डबा उघडून चुना शोधायला लागले. अहो, आयुष्यभर पोरांना खोटं बोलू नये म्हणून शिकवलेला माणूस, त्याला धड खोटं तरी कुठून बोलता येणार!

तेवढ्यात मधलं दार उघडलं. दादा घड्या घातलेल्या कपड्यांची चळत एका हातावर घेऊन आणि दुसरा हात कानावर दाबून उंबऱ्यात उभा राहिला.

"ह्या बाई ओरडतात," तो म्हणाला.

आईनं पदर तोंडाला लावला. माझ्या मनात आलं, झालं, संपलं सगळं.

सासूबाईंनी त्याला वरपासून खालपर्यंत बघितलं. "पुण्याहून आलास वाटतं?"

"मी पुण्याला नव्हतो," दादा म्हणाला. "मी घरी होतो."

"मला माहीत आहे." ह्या वेळी त्यांचा आवाज निम्म्यावर आला होता. त्या मामांकडे वळल्या. "काल जेवताना मकरंदनं सगळं सांगितलं. मी आले ते लग्न मोडायला नाही आले. पण राग आलाय मला, खोटं कशाला सांगू. पोटचं पोर लपवून ठेवता तुम्ही? चोरीचा माल आहे का तो?"

"तसं नाही हो, बाई," मामांचा आवाज पार बसला. "लोक..."

"लोक म्हणजे मी का? मला विचारलंत का एकदा तरी?"

आता ह्यावरून कोणाला वाटेल की माझी सासू म्हणजे देवमाणूस, सगळं जाणणारी. कसलं काय! पुढच्याच वाक्याला त्यांनी मला विचारलं, "औषधोपचार काय चालू आहेत? बरा होईल ना?"

"तो आजारी नाही हो," मी म्हणाले. "बरं व्हायला आजार असावा लागतो."

"अगं पण थोडं वळण तर लागतंच पोरांना. मी रांगेत न उभी राहणारी किती पोरं सरळ केलीत."

"दादा वाकडा नाहीये, सरळ करायला. त्याची तऱ्हा वेगळी आहे. आपणच जरा बाजूला सरकलो तर त्याला पुरेशी जागा होते."

"बोलायला ठीक आहे. पण उद्या तुम्ही कोणी नसाल तेव्हा? जग सरकतं का बाजूला?"

"नाही सरकत! म्हणून काय त्याला..."

"पुरे!" आई ओरडली. माझी आई, जी कधी आवाज चढवत नाही, ती. "तुम्ही दोघी बसा तत्त्वं सांगत. ही म्हणते आहे तसा राहू द्या, तुम्ही म्हणता वळण लावा. मी दोन्ही करून बसले. त्याचं तोंड धरून 'इकडं बघ, माझ्याकडं बघ' करत वर्षं घालवली. मग सोडून दिलं, तर लोक म्हणाले आई लक्ष देत नाही. तो डोकं आपटतो तेव्हा भिंतीच्या आणि त्याच्या डोक्याच्या मधे हात घालणारी मी आहे. माझ्या हाताला विचारा काय बरोबर ते!"

आणि ती खालीच बसली, उंबऱ्यापाशी. दादानं कपड्यांची चळत नीट पलंगावर ठेवली, तिच्याजवळ जाऊन उभा राहिला आणि तिच्या साडीच्या काठावर बोट फिरवत राहिला. त्याला काळजी वाटली की तो असं करतो.

सासूबाई उठल्या आणि दादापासून चार हात लांब जमिनीवर बसल्या. त्याच्याकडे तोंड करून नव्हे, त्याच्यासारख्याच भिंतीकडे तोंड करून.

"विश्वजित," त्या हळू म्हणाल्या. त्यांना हळू बोलता येतं हे मला तेव्हाच कळलं. "रेणूच्या लग्नाला येणार का तू?"

मामांनी माझ्याकडे पाहिलं, मी आईकडे. महिनाभर आम्ही त्या प्रश्नावरून एकमेकांची डोकी खाल्ली होती. मामांचं एक मत, आईचं एक, माझं एक. आणि त्याला कोणी विचारलंच नव्हतं. मी म्हणजे त्याची पाठराखीण म्हणवणारी, मीसुद्धा नाही. आज पंधरा वर्षं झाली, त्या बाईंशी माझे छप्पन्न वाद झाले, अजून होतात. पण त्या एका प्रश्नासाठी मी त्यांच्या पाया पडायला कधीही तयार आहे, आणि तसं मी त्यांना तोंडावर सांगितलंय.

दादानं विचार केला. त्याला वेळ लागतो.

"बँड आहे?" त्यानं विचारलं.

"आहे."

"मग नाही येणार."

मला रडूच फुटलं. इतकं भांडले मी, आणि हा स्वतःच नाही म्हणतो! मामा हळूच म्हणाले, "बघा, तोच म्हणतो." सासूबाईंनी त्यांना हातानं गप्प केलं.

"बँड रस्त्यावर ठेवला, मांडवात नाही वाजवला तर?"

"माणसं बोलतात."

"ते बोलणार बाबा. लग्नात माणसं बोलतातच. तेवढं मला बंद नाही करता यायचं."

"मी कशाला यायचं?" दादानं विचारलं. उर्मटपणा नव्हता हो त्यात. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"तुझ्या बहिणीला बरं वाटेल म्हणून."

दादानं मान वळवली. माझ्याकडे नाही, माझ्या पायांकडे बघितलं. "रेणू, तुला बरं वाटेल?"

"खूप," मी म्हणाले. "पण तुला त्रास होणार असेल तर नको येऊस, दादा. खरंच सांगते, मी नाही रागवायची."

हे मी म्हणाले तेव्हा ते मला मनापासून वाटत होतं. आदल्या दिवशीपर्यंत वाटत नव्हतं.

दादा पुन्हा विचार करायला लागला. बाहेर भाजीवाली ओरडत गेली. मग तो म्हणाला, "कान झाकून येईन. नारिंगी घालून. जेवायला नाही थांबणार."

"ते डबडं घालून? मांडवात?" आई म्हणाली.

"वरून फेटा बांधू या, कोणाला दिसणार नाही," मामा घाईनं म्हणाले.

"फेटा टोचतो," दादा म्हणाला.

"टोचतो म्हणतोय ना तो? मग फेटा नाही," सासूबाई म्हणाल्या. उठताना त्यांच्या गुडघ्यांनी कटकट केली. "माझ्या बाजूच्यांना मी सांगते. कोण कुरकुरलंच, तर माझा आवाज आहेच."

आणि मग म्हणाल्या, "आता टाक चहा."

लग्न आमच्याच गावात, नदीकडच्या मंगल कार्यालयात लागलं. सासूबाईंच्या धाकट्या दिरांनी, म्हणजे मकरंदच्या काकांनी, तोंड फुगवलं होतं. बँड त्यांनी ठरवलेला, साताऱ्याचा नामांकित. "बँड मुका ठेवून कुठं लग्न असतं का?" सासूबाई म्हणाल्या, "मंगलाष्टकांतच सांगतात की, वाजंत्र्यांनी फार गलबला करू नये म्हणून. आजवर कोणी ऐकलं नाही, आपण ऐकू." भटजींनीही मान डोलावली. बँडवाले फाटकाबाहेर चिंचेखाली बसले. माइक लावला नाही. मागच्या रांगांतले पाहुणे "काही ऐकू येत नाही" म्हणत राहिले आणि अक्षता अंदाजानं टाकत राहिले.

अक्षतांच्या वेळी आमच्यात मुलीची आई मांडवात थांबत नाही, मागं तुळशीला पाणी घालते. दादा तिथं आईजवळ होता. होम सुरू झाला. धुरानं माझे डोळे चुरचुरत होते आणि मी सारखी मागच्या दाराकडे बघत होते. तो आला नाही तरी चालेल, असं मनाला बजावत होते. मन कसलं ऐकतंय!

"नवरीचा भाऊ कोण? बोलवा," भटजी म्हणाले.

मामांनी बंटीला तयार ठेवलं होतं, जरीच्या टोपीसकट. ते त्याला पुढे ढकलणार एवढ्यात मागच्या दारातून दादा आला. कडक इस्त्रीचा पांढरा सदरा, डोक्यावर नारिंगी कानबंद, नजर खाली जमिनीवर. भिंतीला धरून धरून येत होता. मागं आई, त्याला न शिवता, पण पडला तर धरता येईल इतक्या अंतरावर.

मांडवात कुजबुज झाली. कोणीतरी हसलं. व्हिडिओवाल्यानं झगझगीत दिवा त्याच्या तोंडावर धरला, तशा सासूबाई उठल्या आणि त्यांनी तो दिवा हातानं छताकडे वळवला.

मकरंदनं मुंडावळ्या बाजूला करून कान पुढे केला. "पीळ, दादा," तो म्हणाला.

दादाचे हात खालीच राहिले.

आम्ही थांबलो. सगळा मांडव थांबला. मामांना राहवेना, ते जवळ येऊन दादाच्या कानबंदापाशी वाकून म्हणाले, "अरे पीळ ना, विशू. पटकन पीळ आणि झालं."

"ह्यानं काय केलंय?" दादानं विचारलं.

"काही नाही केलं. पिळायचा असतो."

"चूक केली नाही तर पिळू नये."

"अरे, ही रीत आहे."

"दुखतं," दादा म्हणाला. नेहमीच्याच आवाजात, ज्या आवाजात तो 'कपडे वाळले' म्हणतो त्याच. "मामा माझा पिळायचे. मी तोंडाकडे बघत नाही म्हणून. मी चूक केली नव्हती. लाल व्हायचा. दुखतं."

मला हे माहीत नव्हतं. मामा सुट्टीत त्याला 'वळण लावायला' आपल्या घरी न्यायचे, हे माहीत होतं. तिथं काय चालायचं, ते दादानं कधी सांगितलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं. मी आईकडे बघितलं. तिलाही माहीत नव्हतं. मामा तसेच वाकलेले राहिले. त्यांच्या तोंडाकडे मला बघवेना.

मकरंद अजून कान पुढे करूनच होता. तो सरळ झाला. "बरोबर आहे, दादा," तो म्हणाला. "मी अजून तरी काही चूक केलेली नाही."

"मग नाही पिळत."

"आणि पुढे केली तर?"

दादानं विचार केला. भटजींनी पळीतलं तूप तसंच हातात धरून ठेवलं.

"रेणू फोन करेल," दादा म्हणाला. "मग मी येईन."

मी नववधूसारखी खाली मान घालून बसायचं सोडून मोठ्यानं हुंदका दिला. कानपिळ्या पुष्कळ बघितल्यात हो मी, तेव्हाही आणि नंतरही. एवढा खणखणीत शब्द कुठल्या भावानं आपल्या मेव्हण्याला दिलेला मी ऐकला नाही.

सासूबाईंनी कपड्यांचं ताट पुढे केलं. दादा म्हणाला, "मी पिळला नाही."

"न पिळल्याबद्दल घे," सासूबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते आणि आवाज अगदी बारीक. दादानं ताटातलं कापड घेतलं, त्याची घडी विस्कटली होती ती नीट केली आणि काखेत धरलं. मग आईला म्हणाला, "आता घरी."

"थांब ना रे थोडं, सात पावलं तरी बघ," आई म्हणाली. त्याची बोटं कापडाच्या काठावर भराभर फिरायला लागली होती.

"जाऊ दे त्याला, आई," मी म्हणाले. "जा, दादा. मला बरं वाटलं. फार बरं वाटलं."

आई पदर खोचायला लागली. मुलीचं लग्न टाकून ती निघाली होती, न बोलता, नेहमीसारखी. तेवढ्यात मामा सरळ झाले.

"तू थांब," ते म्हणाले. "मी नेतो."

त्या लग्नातला मानाचा माणूस होते मामा. पहिली पंगत त्यांच्याशिवाय बसायची नव्हती, विहिणीची व्यवस्था त्यांच्याकडे होती. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढून बंटीच्या हातात दिलं आणि दादाच्या बाजूनं चालायला लागले. त्याचा हात धरायला गेले आणि मग धरला नाही.

बोहल्यावरून फाटक सरळ दिसायचं. दोघं अंगण ओलांडत होते, तेवढ्यात मकरंदच्या काकांना काय वाटलं कोण जाणे, होम आटोपला समजून त्यांनी बँडला खूण केली. चिंचेखालची माणसं उठली, ढोल गळ्यात चढले, एकानं ढोलावर एक थाप मारलीसुद्धा. दादा जागच्या जागी थबकला. दोन्ही हात कानबंदावर, कापड मातीत पडलं.

मामा धावले. सत्तरीच्या माणसाला मी तसं धावताना कधी बघितलं नव्हतं. दोन्ही हात पसरून ते फाटकात, बँडच्या समोर उभे राहिले.

"थांबा रे! कोणी वाजवायचं नाही! आधी माझा भाचा जाऊ दे."

"कोण जाऊ दे?" बँडवाल्यानं विचारलं.

"हा! विश्वजित! नवरीचा सख्खा भाऊ आहे हा!" मामा ओरडले. पुण्याच्या कंपनीची हकिकत ज्या ज्या पाहुण्याला त्यांनी सांगितली होती, त्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं.

बँडवाले बाजूला झाले. ढोल, ताशे, पितळी कर्णे हातात धरून दोन्हीकडे गुपचूप उभे राहिले. मामा परत आले, त्यांनी मातीतलं कापड उचललं, झटकलं आणि दादापुढे धरलं.

"मामा, ओरडू नका," दादा म्हणाला.

"चुकलो," मामा म्हणाले. "चुकलो बाबा. चल."

आणि ते दोघं त्या माणसांच्या मधून चालत घरी गेले.